बियांपासून केलेलं लॉन आणि खतं : आठ महिन्यांनंतर

मार्चमध्ये नाशिकला घरासमोरच्या साधारण 750 स्क्वेअर फुटांत बर्म्युडाचं, म्हणजे आपल्या हरळीचंच, अर्धा किलो बी टाकलं. बी कुठलं घ्यायचं ते सगळे सांगतात, खत कधी द्यायचं यावर मात्र प्रत्येकाचं वेगळंच, म्हणून लिहितेय.

पेरायच्या आधी पूर्ण कुजलेलं शेणखत आणि 700 ग्रॅम डीएपी (दाणेदार रासायनिक खत) वरच्या दोन-तीन इंच मातीत कालवलं. डीएपीत 18 टक्के नत्र (नायट्रोजन), 46 टक्के स्फुरद (फॉस्फरस), आणि स्फुरद जिथे पडतं तिथेच बसतं, पाण्याबरोबर फारसं खाली उतरत नाही, म्हणून ते आधीच मुळांच्या वाटेत असलेलं बरं. हे काम बरोबर झालं. बाराव्या दिवशी केसाएवढे कोंब आले, सकाळी खाली बसून तिरकं बघितलं तरच दिसायचे.

चूक तिसऱ्या आठवड्यात झाली. दुकानात म्हणाले, युरिया फेका ताई, चार दिवसांत हिरवंगार होतं की नाही बघा. मी संध्याकाळी पाणी मारलं आणि ओल्या पात्यांवरच मुठीने फेकला, वरून परत पाणी दिलंच नाही. साबुदाण्यासारखे दाणे पात्यांना चिकटून तिथेच विरघळले आणि दोन दिवसांत जिथे जिथे मूठ पडली तिथे पंख्याच्या आकाराचे तपकिरी चट्टे. मुळं अजून बोटाच्या पेराएवढीसुद्धा नव्हती. दिवसातून तीनदा पाणी मारून जगवलेलं गवत, फार वाईट वाटलं. निम्म्या चट्ट्यांत परत बी टाकावं लागलं.

मग 19:19:19 घेतलं, म्हणजे नत्र, स्फुरद, पालाश (पोटॅश) तिन्ही 19-19 टक्के असलेलं विरघळणारं खत, लिटरभर पाण्याला 2 ग्रॅम, ऊन उतरल्यावर झारीने, पंधरा दिवसांनी एकदा. रंग झटकन येत नाही पण कोवळ्या गवताला झेपतं, मे संपेपर्यंत रिकाम्या जागा भरल्या. महाग पडतं, आणि पुडा उघडा राहिला की पावसाळ्यात दगड होतो, घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा.

युरिया वाईट नाही हां. जुलैच्या पावसात सगळं फिकट पडलं तेव्हा 350 ग्रॅम वाळूत मिसळून, गवत कोरडं असताना, अर्धा उभा अर्धा आडवा फेकला आणि लगेच पाणी दिलं, आठवड्यात रंग आला. फक्त भिंतीजवळची पट्टी पिवळीच राहिली, नवी पाती पिवळी आणि शिरा हिरव्या. तिथे बांधकामाचा चुना-सिमेंट पडलेलं, त्यामुळे गवताला लोह मिळत नव्हतं. लिटरला 5 ग्रॅम फेरस सल्फेट (लोहाचा क्षार) फवारलं तेव्हा सुधारली, पण फरशीवर उडालं तिथे गंजाचे डाग पडलेत, ते अजून निघाले नाहीत.

आता नोव्हेंबर, रात्री गार व्हायला लागल्यात, वाढ मंदावलीय. खत बंद केलंय, थेट फेब्रुवारी संपताना देणार.