टेबल सॉला चाकं लावून नऊ महिने झाले: विकतचं स्टँड आणि उद्यमनगरात केलेलं

आधी माझी जागा सांगतो, नाहीतर पुढचं अर्धं कळणार नाही. कोल्हापुरात फुलेवाडीत घराला लागून १० बाय १४ फुटांची शेड आहे. खाली कोबा, वर पत्रा. मूळची गाड्या लावायची जागा. कामावरून आल्यावर सात ते साडेनऊ ती माझी, त्यानंतर दोन मोपेड आत येतात. त्यामुळे टेबल सॉ, म्हणजे टेबलातून गोल पातं वर आलेलं लाकूड चिरायचं मशीन, रोज मधे आणायचं आणि रोज भिंतीला लावायचं. टेबल बिडाचं, मोटार २ एचपीची, सगळं मिळून १३० किलोच्या घरात. पहिली दोन वर्षं ओढत नेलं. कोब्यावर अजून ओरखडे आहेत, कमरेचं तर बोलायलाच नको.

चाकं फक्त आवरायला लागतात असं मला वाटायचं. तसं नाही. ८ फुटी फळी लांबीत चिरायची तर पात्याच्या अलीकडे ८ फूट आणि पलीकडे ८ फूट मोकळे लागतात, आणि माझी शेड १४ फुटांची. मग मशीन तिरकं करायचं आणि चिरलेलं टोक दारातून अंगणात काढायचं. प्लायच्या शीटला आणखी वेगळा कोन. आमचे आजोबा जमिनीवर बसून, पायाच्या पंजात लाकूड धरून रंधा मारायचे. त्यांना जागेची अडचण कधी आलीच नसेल.

दिवाळीत ऑनलाइन मशीनखाली बसणारं चाकांचं एक तयार स्टँड मागवलं. चार कोपरे आणि आत-बाहेर सरकणाऱ्या दांड्या, कुठल्याही मशीनच्या मापाला बसेल असं. दोन चाकं सरळ जाणारी, दोन फिरती आणि ब्रेकवाली. पेटीवर भार क्षमता २२५ किलो. साडेपाच हजार गेले. तासाभरात जोडलं आणि पहिला आठवडा मी मशीन उगाचच इकडून तिकडे ढकलत होतो.

मग दीड इंची सागवान चिरायला घेतलं. फळी पुढे रेटली तसं टेबल दोन-तीन मिलिमीटर बाजूला गेलं. ब्रेक लागलेला होता, चाक जागचं हललं नव्हतं, हलला तो चाकाला दोन्ही बाजूंनी धरणारा वरचा फोर्क. साधा ब्रेक चाकाचं लोळणं थांबवतो, फोर्कचं फिरणं नाही. दोन्ही एकदम धरणारी चाकं वेगळी मिळतात, महाग असतात. कापात मात्र फरक पडला नाही, कारण फेन्स (फळी जिला टेकवून सरळ रेटायची ती पट्टी) आणि पातं दोन्ही त्याच मशीनवर आहेत, हललं तर सगळं मिळून हलतं. पण फिरत्या पात्यासमोर मशीनच हलतं म्हटल्यावर हात बिचकतो. हात बिचकला की लाकूड फेन्सपासून सुटतं, आणि तिथून ते अंगावर यायला किती वेळ लागतो?

बाकीच्या तक्रारी भराभर सांगतो. त्या सरकत्या दांड्या महिन्याभरात मधे वाकल्या. एक चाक कायम अधांतरी. मशीनची उंची साडेतीन इंचांनी वाढली, माझी स्वतःची उंची साडेपाच फूट, त्यामुळे खांदे भरून यायला लागले. दाराशी पावसाचं पाणी अडवायला इंचभर उंबरा केलाय, त्यावर अडीच इंची चाक चढेना. नायलॉनचं असल्यामुळे आवाज इतका, की रात्री मशीन सरकवलं की शेजारच्या काकूंच्या खिडकीत लाइट लागायचा.

जानेवारीत ते स्टँड काढलं आणि माप घेऊन उद्यमनगरात, आमच्या इथल्या कारखान्यांच्या वसाहतीत गेलो. तिथले वेल्डर मामा ओळखीचे. मी म्हटलं, "चांगल्या ब्रेकची चार चाकं लावून द्या." त्यांनी कागद बघितला आणि परत माझ्या हातात दिला.

"उसाची ट्रॉली सोडल्यावर नुसत्या चाकावर ठेवतंय व्हय कोण? पुढं जॅक लावतोय न्हवं? मग ह्यालाच का ब्रेकवर उभं करताय?"

माझा विचार तिथं बदलला ते बरंच झालं. काम करताना मशीनने पायावरच उभं राहायला हवं, चाक फक्त न्यायच्या वेळेपुरतं. मग तसंच केलं. ४० बाय ४० च्या ५ मिलिमीटर एल अँगलची चौकट, मशीन तिच्या आत बसतं, त्यामुळे उंची जेमतेम अर्धा इंच वाढली. मागे चौकटीच्या बाहेर दोन सरळ चाकं. पुढे मधोमध एक फिरतं चाक, ते पायाने दाबायच्या पेडलवर. चार कोपऱ्यांत १२ मिलिमीटरच्या बोल्टचे पाय, खाली रबर. पेडल दाबलं की पुढचं चाक उभं होऊन खट्कन अडकतं आणि पुढची बाजू इंचभर उचलली जाते. पेडल वर घेतलं की मशीन पायावर. न्यायच्या वेळी तीनच चाकं जमिनीवर असल्याने कोबा कसाही असो, डुगडुगत नाही.

चाकं ४ इंची, पॉलियुरेथेनची. रबराची घेऊ नका, जड मशीन चाकांवरच महिनोन्‌महिने एका जागी उभं राहिलं की रबर खालून चपटं होतं. चाकाची क्षमता बघताना वजनाला चारने भागायचं नाही, तीनने भागायचं आणि वर थोडं सोडायचं. माझ्या १३० किलोला मी ७० किलोवाली घेतली.

वेल्डिंगबद्दल एक सांगायचं राहील म्हणून इथंच सांगतो. चारही कोपऱ्यांना आधी नुसते टॅक (वेल्डिंगचे छोटे ठिपके) मारायचे, गुण्या लावायचा, दोन्ही कर्ण मोजायचे आणि मगच समोरासमोरचे कोपरे आलटून पालटून भरायचे. एकच कोपरा सलग भरला तर तापून चौकट ओढली जाते. मामांच्या हाताखालच्या पोराने नेमकं तेच केलं आणि एक कोपरा ३ मिलिमीटर वर आला. पाय बोल्टचे असल्यामुळे निभावलं.

घरी आणल्यावर मात्र पहिले दोन दिवस डोक्याला ताप. पेडल दाबलं, पुढची बाजू छान उचलली, पण मागचे पाय जमीन सोडेनात. ढकललं की रबर घासत जायचं. मामांना फोन केला तर म्हणाले, तोलून बघा. खाली आडवा पडून बॅटरीने बघितलं. मशीन पायावर असताना मागची चाकं जमिनीपासून ३ मिलिमीटर वर होती. पुढची बाजू उचलली की मशीन मागच्या पायांवर कलतं, मागची चाकं खाली येतात, टेकतात आणि त्यानंतर कुठे पाय सुटतात. माझी सगळी उचल चाकं टेकवण्यातच संपत होती. १२ च्या बोल्टचा आटा १.७५ मिलिमीटरचा असतो, एका फेऱ्याला तेवढंच वर-खाली. मागचे दोन्ही बोल्ट एक फेरा आणि वर थोडे आत घेतले, फट १ मिलिमीटरवर आली, पाणसळ ठेवून पुढचे पाय जुळवले, आणि मशीन एका हाताने निघालं. तुम्ही करणार असाल तर ही फट आधी बघा. बोल्टला चेक नट (बोल्ट जागेवर आवळून धरणारा जादा नट) हवाच, नाहीतर थरथरीने महिन्यात ढिला होतो.

सरळ चाकांची दिशा मी मुद्दाम लाकूड रेटण्याच्या दिशेला आडवी ठेवली आहे. चुकून पेडल वर घ्यायचं विसरलं तरी फळीच्या जोराने मशीन पुढे पळत नाही. एकदा विसरलोही.

सगळा खर्च ४,६०० रुपये, रंगासकट. रेड ऑक्साइड आणि वर ऑइल पेंट मी घरी मारला. आता जुलै संपत आलाय, शेडच्या भिंती ओल्या आहेत, तरी अँगलला गंज नाही. चाकांच्या ॲक्सलला तेल देऊ नका. भुसा बसून त्याची पेस्ट होते, मार्चमध्ये पुढचं चाक त्यानेच जाम झालं होतं. मी आता मेण घासतो आणि पंधरा दिवसांनी फुंकणीने भुसा उडवतो. मशीन हलवायच्या आधी प्लगची पिन काढायचीच. एक्स्टेन्शनची वायर २.५ स्क्वेअर मिलिमीटर जाडीची घेतली आहे. आधीची १ ची होती, मोटार चालू होताना शेडचा बल्ब मान टाकायचा.

विकतच्या स्टँडवर मग मी १४ इंची बँड सॉ, म्हणजे पट्ट्यासारखं पातं फिरणारं उंच मशीन, चढवला. ही माझी चूक. बँड सॉचं सगळं वजन वर आणि बूड लहान. अंगणातल्या शहाबादी फरशीच्या सांध्यात पुढचं चाक अडकलं, मी वरून ढकलत होतो, आणि मशीन माझ्याच्याने सावरेना. मेहुणा शेजारी होता म्हणून वाचलं. आता तो बँड सॉ खिडकीखाली कोपऱ्यात अँकर बोल्टने कोब्याला जखडलाय. त्याला दोन्हीकडे लांब जागा लागली तरी खिडकीतून फळी बाहेर जाते. उंच मशीनला चाकं लावायचीच असतील तर चौकट चांगली रुंद करा आणि धक्का खालून, कमरेच्या खालीच द्या.

तयार स्टँड वाईट म्हणणार नाही. ३०-४० किलोचा प्लॅनर (रंधा मारायचं मशीन) असेल, खाली गुळगुळीत टाइल्स असतील आणि महिन्यातून एकदा हलवायचं असेल तर तेच घ्या, उद्यमनगरच्या चार चकरा वाचतील. माझं ते स्टँड सध्या बँड सॉखालून निघून भुसा ओढणाऱ्या व्हॅक्यूमच्या पिंपाखाली गेलंय, तिथं झकास चालतंय.

मामांकडून केलेल्या स्टँडची एकच कुरकुर उरली होती. पावसात ओल्या चपलेने पेडलवरून पाय सटकायचा. गेल्या शनिवारी मामांकडे नेऊन पेडलवर चेकर्ड पत्र्याचा तुकडा मारून घेतला. त्याचे पैसे त्यांनी घेतले नाहीत, पण दुकानातल्या सहा जणांचा चहा मला पडला.