सीबीडी म्हणून आप्पांना विकलेलं तेल

आमच्या आप्पांचं आयुष्य सोलापूरच्या पूर्वभागात यंत्रमागावर गेलं. उभं राहून राहून गुडघे झिजले. पुढे हृदयाची झडप बदलावी लागली, तेव्हापासून रक्त पातळ ठेवायची वॉरफेरिनची गोळी रोज चालू आहे. त्यामुळे दुखण्याच्या बहुतेक गोळ्या त्यांना वर्ज्य. रात्र रात्र गुडघे चोळत बसतात.

मार्चमध्ये मोबाइलवर त्यांना जाहिरात दिसली : सीबीडी तेल, सांधेदुखी आणि झोपेवर रामबाण. नंबर टाकला आणि लगेच फोन. पलीकडची बाई 'काका, काका' करत अर्धा तास गोड बोलली. जिभेखाली रोज पाच थेंब, म्हणाली. कोणती औषधं चालू आहेत, हे मात्र तिने एकदाही विचारलं नाही. ३० मिलीच्या दोन बाटल्या, ५,९९८ रुपये, आधी यूपीआयने. तीन आठवड्यांत काडीचाही फरक नाही. पुन्हा फोन केला तर 'विष बाहेर पडतंय, डोस दुप्पट करा, अजून दोन बाटल्या घ्या.' तेव्हा कुठे आप्पांनी मला सांगितलं.

आईने थेंबभर तेल बोटावर घेऊन चाखलं. "हे तर जवसाच्या तेलासारखं लागतंय," ती म्हणाली. मी बाटली उलटी करून उजेडात धरली. पुढे ठळक अक्षरांत '५००० मिग्रॅ', मागे मुंगीएवढ्या अक्षरांत 'घटक : हेम्प सीड ऑइल'. म्हणजे भांगेच्या बियांचं तेल. सीबीडी हा शब्द बाटलीवर कुठेच नव्हता, तो फक्त जाहिरातीत आणि फोनवर.

मला जे उशिरा कळलं ते नीट सांगतो. सीबीडी म्हणजे कॅनाबिडिऑल, भांगेच्या झाडातलं एक रसायन. नशा त्याच झाडातल्या टीएचसी या दुसऱ्या रसायनाने येते, सीबीडीने नाही. हे रसायन फुलोऱ्यावरच्या आणि पानांवरच्या चिकट राळेत असतं, बियांत जवळजवळ नसतंच. आपल्याकडे २०२१ मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने, भांगेच्या बिया आणि त्यांचं तेल खाद्यपदार्थ म्हणून मान्य केलं, तेही किलोमागे सीबीडी ७५ मिलिग्रॅमच्या आत ठेवायच्या अटीवर. आता हिशोब करा. ३० मिली तेलाचं वजन सत्तावीस-अठ्ठावीस ग्रॅम, म्हणजे अख्ख्या बाटलीत जास्तीत जास्त २ मिलिग्रॅम. अमेरिकेत २०१८ मध्ये मंजूर झालेलं सीबीडीचं औषध अपस्माराच्या दुर्मीळ प्रकारांसाठी आहे आणि त्याची सुरुवातच वजनाच्या किलोमागे रोज ५ मिलिग्रॅमने होते. साठ किलोच्या माणसाला ३०० मिलिग्रॅम! गुडघेदुखीवर तर सीबीडीचा ठोस पुरावाच नाही.

बाटलीवर फक्त खाद्यपदार्थाचा परवाना क्रमांक होता. भांगेच्या पानांपासून केलेली 'विजया'ची आयुर्वेदिक औषधं आयुष परवान्यावर मिळतात. त्यांच्यावर तो परवाना क्रमांक असतो आणि वैद्यकीय देखरेखीखाली घ्या, अशी सूचनाही असते.

खरा घाम फुटला तो डॉक्टरांकडे. सीबीडी खरं असतं तर यकृतात वॉरफेरिनचा निचरा मंदावला असता, रक्त जास्त पातळ झालं असतं आणि आतून रक्तस्राव होऊ शकला असता, असं ते म्हणाले. त्यांनी लगेच आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे ते दाखवणारी तपासणी, करायला लावली. अहवाल येईपर्यंत आप्पा बाकावर मान खाली घालून बसले होते. अहवाल ठीक निघाला. त्या बाईने औषधं विचारली नाहीत, याचा राग मला पैशांपेक्षा जास्त आहे.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार दिली, १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवरही नोंदवली. विकणाऱ्यांचा नंबर आता बंद लागतो, पैसे आलेले नाहीत. तुमच्या घरात असं कुणी फसलं असेल तर १९३० वर लगेच फोन करा, जितका उशीर तितके पैसे मिळणं अवघड. बाटली टाकू नका, यूपीआयचा व्यवहार क्रमांक आणि जाहिरातीचा स्क्रीनशॉट जपून ठेवा. आमची दुसरी बाटली अजून सीलबंद आहे. आई ती कपाटात आप्पांच्या गोळ्यांपासून लांब, वरच्या फळीवर ठेवते.