फ्रीमोशन हार्नेस, कमरपट्टा आणि ताणदोरी: कॅनिक्रॉसच्या पहिल्या शर्यतीआधी

कॅनिक्रॉसमध्ये कुत्रा पुढे, माणूस मागे आणि मधे कमरेला अडकवलेली ताणदोरी असते. बर्फ नसलेल्या महिन्यांत स्लेज (बर्फावरची घसरगाडी) ओढणाऱ्या कुत्र्यांचा सराव सुटू नये म्हणून युरोपात ही धाव रुजली. ब्रिटनमध्ये तिचा हंगाम साधारण ऑक्टोबर ते मार्च असतो आणि थेटफर्डसारख्या जंगलातल्या वाटांवर शर्यती होतात. नवख्यांची उडी बहुतेक ५ किलोमीटरची. सामान तीनच गोष्टींचं: कुत्र्याच्या अंगावर चढवायचा पट्ट्यांचा साज म्हणजे हार्नेस, तुमचा कमरपट्टा आणि दोरी. पण तिन्हींवर सारखा पैसा घालू नका. हार्नेसवर सढळ हाताने खर्च करा, कमरपट्टा मधल्या किमतीचा चालेल, दोरी साधी घेतलीत तरी बिघडत नाही.

हार्नेस आम्ही नॉर्वेच्या नॉन-स्टॉप डॉगवेअरचा फ्रीमोशन निवडला. हा लांब जातीचा. छातीवरून येणारा ताण बरगड्यांच्या बाजूने मागे जातो आणि शेपटीच्या बुडाशी एका कडीत एकवटतो. गळ्याचं माप साइझवर ठरलेलं, ते नंतर बदलत नाही. छातीचे आणि मागचे पट्टे मात्र कमीजास्त होतात. त्याचं खरं मोल या मागच्या पट्ट्यांत आहे. आखूड पाठीचा लॅब्राडोर आणि लांब पाठीचा पॉइंटर यांचा गळा एकाच मापाचा असू शकतो. न बदलणाऱ्या लांब हार्नेसची कडी एकाच्या शेपटीवर आपटते, तर दुसऱ्याच्या कमरेवरच थांबते.

माप घेताना कुत्रा उभा हवा, बसलेला नको. टेप गळ्याच्या तळाशी, खांद्यांच्या लगेच पुढे फिरवा आणि केसांत दबेल इतपत घट्ट धरा. नव्वद टक्के चूक इथेच होते. ‘बिचाऱ्याला आवळेल’ म्हणून लोक एक साइझ मोठा घेतात. सैल गळा ओढताना मागे सरकतो, खांद्याच्या हाडावर बसतो आणि पुढच्या पायाची टाप आखूड करतो. योग्य साइझ डोक्यावरून घालताना कानांपाशी थोडा अडतोच. सहज घसरून आत गेला तर तो मोठा आहे असं समजा.

घातल्यावर नुसतं बघून समाधान मानू नका. दोरी लावा, कुत्र्याच्या मागे दोन पावलांवर उभे राहा, दोरी तुमच्या कमरेच्या उंचीवर धरून हलकेच ताणा आणि दुसऱ्या कुणाला तरी कुत्र्याला पुढे बोलवायला सांगा. आता चार जागा तपासा. गळ्याचा पुढचा कोन श्वासनलिकेवर नसून छातीच्या हाडावर टेकला पाहिजे. मानेच्या मागे दोन बोटं सपाट जायला हवीत, मूठ नाही. खालचा पट्टा छातीच्या हाडावरच संपावा, पोटाच्या मऊ भागावर गेला तर धावताना श्वास दाबतो. काखेत दोन-तीन बोटांची फट हवी. पहिल्या ३ किलोमीटरनंतर काखेतले केस उलटे करून बघा. कातडी लालसर दिसली तर पट्टा काचतोय. तो सैल करून भागत नाही, बहुतेक वेळा साइझच चुकलेला असतो. चिखलाने भरलेला हार्नेस तसाच वाळवून पुन्हा चढवला की बरोबर मापाचाही काचतो, पॉलिश पेपरसारखा.

एवढं असूनही फ्रीमोशन सगळ्यांसाठी नाही. लांब हार्नेस बसतो तो सतत, जवळजवळ सपाट रेषेतल्या ओढीवर. कमरपट्ट्याची कडी जमिनीपासून ९० सेंटिमीटरवर आणि कुत्र्याची पाठ ५० सेंटिमीटरवर असेल, तर २ मीटरच्या दोरीला जेमतेम ११-१२ अंशांचा चढ येतो. हार्नेस जागचा हलत नाही. तोच उंच माणूस आणि ३० सेंटिमीटरचा टेरिअर अशी जोडी असेल, तर कोन १७-१८ अंशांवर जातो. मागचा भाग वर उचलला जातो आणि गळा पुढे झुकतो. अशा कुत्र्याला, तसंच जो ओढतच नाही, बाजूबाजूने दुडकत चालतो त्याला, बरगड्यांपाशी संपणारा आखूड हार्नेस बरा. ढिल्या दोरीवर लांब हार्नेस नुसता इकडेतिकडे लोंबतो. फिरायला नेताना पुढून अडवणारा ‘ओढू नये’ प्रकारचा हार्नेस किंवा तोंडाला लावायचा हॉल्टर तर इथे आणूच नका. ओढायला सांगायचं आणि ओढलं की अडवायचं, अशाने कुत्रा गोंधळतो.

कमरपट्ट्याबाबत एकच गोष्ट बारकाईने बघा: तो कमरेला बसतो की नितंबांवर. नावात कमर असली तरी जागा खाली, कुल्ह्यांवर हवी. मणक्याच्या खोलगट भागावर ओढ आली की दुसऱ्या दिवशी पाठ धरते. रुंद गादी आणि मांडीपट्टे असलेला पट्टा घ्या. मांडीपट्टे नसलेला पहिल्याच चढावर बरगड्यांपर्यंत सरकतो. मांडीपट्टा बसवून एकदा गुडघा छातीकडे उचला, तिथे टोचला तर तो शर्यतीत जांघ सोलणार. पुढची कडी दोरीवर डावी-उजवीकडे सरकणारी असेल तर उत्तम, कारण कुत्रा वळला तरी कंबर पिळत नाही. ताणाखालीही एका हिसक्यात सुटणारी कडी हवीच. कुत्रा झाडाच्या एका बाजूने आणि तुम्ही दुसऱ्या बाजूने गेलात की ती का हवी ते आपोआप समजतं.

दोरी पूर्ण ताणल्यावर २ मीटरच्या आसपास असावी. शर्यतींचे नियम ताणलेली लांबी मोजतात, म्हणून नोंदणीआधी आयोजकांचा आकडा पाहून दोरी फरशीवर ओढून टेपने मोजा. सायकल ओढवताना वापरायची लांब दोरी स्वस्त मिळाली तरी नको. कुत्र्याकडचा हुक छोटा आणि हलका असावा. गिर्यारोहणाची जाड कडी प्रत्येक टापेला माकडहाडावर ठोके देते. रबराचा भाग हिसका शोषण्यापुरताच हवा. फार लवचिक दोरीत कुत्रा थबकलेला तुम्हाला तीन पावलं उशिरा कळतो. रबर मेलं की कापडी नळी सुरकुतण्याऐवजी सपाट पडते. ती खूण दिसली की दोरी बदला.

आता कुत्र्याची तयारी, कारण सामान कितीही चांगलं असलं तरी शर्यत ते धावत नाही. बहुतेक शर्यतींना कुत्रा किमान १२ महिन्यांचा लागतो, आणि मोठ्या हाडाच्या जातींना त्यापुढेही थांबवणं शहाणपणाचं. आठ आठवड्यांचा हिशेब धरा. पहिले दोन आठवडे, आठवड्यातून तीनदा, १ ते दीड किलोमीटर, त्यातलं निम्मं चालत. मग दर आठवड्याला अर्धा किलोमीटर वाढवा, शेवटच्या आठवड्यात निम्म्यावर या. डांबरी रस्ता टाळा, पण थोडी खडीची वाट ठेवा, पंजे घट्ट होतात. रोज संध्याकाळी बोटांमधली कातडी आणि नखांची मुळं बघा.

आज्ञांत स्लेजवाल्यांचे शब्द चालतात: उजवीकडे ‘जी’, डावीकडे ‘हॉ’. मराठी घरात मात्र ‘अहो’ची हाक रोज पडते, आणि कुत्रा इमानेइतबारे डावीकडे वळतो. आपले शब्द ठरवायला काही हरकत नाही, फक्त दोन्ही आवाज ठळक वेगळे हवेत. ‘उजवी’ आणि ‘डावी’ धापेत सारखेच ऐकू येतात. वळणापेक्षा मोठी गरज ‘पुढे चल’ या आज्ञेची आहे. दुसऱ्या कुत्र्याला मागे टाकताना नाक न वळवता सरळ जायला शिकवलं नसेल तर पहिल्याच किलोमीटरला दोऱ्या गुंततात. धावायला बहुधा एकेका जोडीला काही सेकंदांच्या अंतराने सोडतात, त्यामुळे सुरुवातीच्या रेषेवरचा गोंगाट आणि भुंकणं आधी ऐकवून ठेवा. आणि धावपटूने कुत्र्याच्या पुढे जाऊन त्याला ओढत नेणं नियमात बसत नाही.

माणसाची परीक्षा उतारावर होते. ओढीमुळे तुमची ढांग लांबते, मांडीचा पुढचा स्नायू ब्रेक मारून दमतो. म्हणून सरावात उतार धरा. ५-६ मिलिमीटर खोल नक्षीचे ट्रेल बूट घ्या, रस्त्यावरचे बूट ओल्या पानांवर तुम्हाला स्लेज बनवतील.

शर्यतीच्या दिवशी कुत्र्याचं शेवटचं पूर्ण जेवण चार तास आधी, नंतरचं किमान तासाभराने आणि धाप ओसरल्यावरच. खोल छातीच्या जातींत भरल्या पोटी धावण्याने जठराला पीळ बसण्याचा धोका असतो आणि तो जीवघेणा आहे. हवा १२ अंशांखाली असेल तर निर्धास्त, १५ पुढे वेग आणि अंतर कमी, १८ ला नोंदणीचे पैसे सोडून द्या. दमट हवेत हे आकडे आणखी खाली आणा. पुण्या-नाशिकच्या वाचकांना यातून डिसेंबर-जानेवारीतली पहाटच उरते, कोकण आणि गोव्यात तीही नाही. जीभ रुंद होऊन टोकाला वाकली, हिरड्या विटकरी झाल्या, चाल डळमळली की तिथेच थांबा, हार्नेस काढा, अंगभर पाणी ओता, वारा घाला आणि मगच पशुवैद्याकडे निघा. ओलं फडकं अंगावर पांघरून ठेवू नका, ते गरम होऊन उष्णता कोंडतं.

ब्रिटनमध्ये शनिवारच्या पार्करनला, म्हणजे तिथल्या खुल्या सामूहिक धावेला, हा संच घेऊन जायचा बेत असेल तर तो सोडा. २०२२ पासून तिथे कमरेला बांधलेला कुत्रा चालत नाही, हातात धरलेला आखूड पट्टाच लागतो.