रोज एक इंग्रजी वाक्प्रचार, टेबल कॅलेंडर: पाचपैकी तीन तारे

क्लासच्या टेबलावर ठेवायला हे ऑनलाइन मागवलं. रोज एक पान फाडायचं. पुढे वाक्प्रचार आणि चित्र, मागे अर्थ आणि उगम. शनिवार-रविवार मिळून एकच पान येतं, हे विकणाऱ्याने कुठेही लिहिलेलं नाही. कागद जाड आहे, शाई मागे उमटत नाही. डिंक मात्र कच्चा. एक पान ओढलं की पुढची दोन-तीन सुटून हातात येतात. शेवटी गठ्ठ्याला बाइंडर क्लिप लावून टाकली.

मी नांदेडला स्पोकन इंग्लिश शिकवते, त्यामुळे माझं लक्ष मागच्या मजकुरावर. 'बॉब्ज युअर अंकल'चं पान घ्या. अर्थ झकास समजावलाय. सोप्या दोन-तीन पायऱ्या सांगायच्या आणि शेवटी हे ठोकून द्यायचं: सिग्नलला डावीकडे वळा, पोस्ट ऑफिस ओलांडा, अँड बॉब्ज युअर अंकल! म्हणजे पोचलातच समजा. ब्रिटनमध्ये हे सर्रास चालतं, अमेरिकन माणूस मात्र 'कोण बॉब?' असं विचारेल, हेही बजावलंय. मुलांना एवढं पुरतं.

घोडं पेंड खातं ते उगमापाशी. पान छातीठोकपणे सांगतं की हा बॉब म्हणजे ब्रिटनचा पंतप्रधान लॉर्ड सॉल्झबरी, मूळ नाव रॉबर्ट. 1887 मध्ये त्याने भाचा आर्थर बॅलफोर याला आयर्लंडचा मुख्य सचिव केलं, आणि लोक म्हणू लागले, बॉब मामा असला की काम फत्ते. नेमणूक खरी. नातंही खरं, बॅलफोरची आई सॉल्झबरीची सख्खी बहीण. 1902 मध्ये मामाची पंतप्रधानपदाची खुर्चीसुद्धा भाच्यालाच मिळाली. पण हा वाक्प्रचार छापील मजकुरात सापडू लागतो तो थेट 1920च्या दशकात. 1924 मध्ये स्कॉटलंडातल्या डंडी शहरात याच नावाचा एक गाण्या-विनोदाचा कार्यक्रम लागला होता. मधली पस्तीसेक वर्षं ही आयती कोटी कुणाला सुचलीच नाही? दडपशाहीमुळे बॅलफोरला 'ब्लडी बॅलफोर' म्हणणाऱ्या आयरिश लोकांनी ती सोडली असती होय!

मला दुसरा धागा जास्त पटतो. इंग्लंडातल्या चोरांच्या बोलीत 'ऑल इज बॉब' म्हणजे सगळं ठीक, धोका नाही. जुन्या कोशांत तशी नोंद आहे. त्यालाही पक्का पुरावा म्हणता येणार नाही, पण पानावर त्याचा उल्लेखसुद्धा नाही. निदान 'असं म्हणतात' एवढं तरी घालायचं! शेपटाला 'अँड फॅनीज युअर आँट' जोडतात, तेही गाळलंय.

चित्र मात्र फर्मास. दाढीवाला मामा भाच्याला बखोट धरून खुर्चीत बसवतोय. ते बघून मी मुलांना सांगितलं की हाच तो सॉल्झबरी, ज्याने 1888 मध्ये एडिंबरोच्या भाषणात 'काळ्या माणसाला' ब्रिटिश मतदार निवडून देतील का, अशी शंका काढली होती. रोख होता आपल्या मुंबईच्या एल्फिन्स्टनमध्ये शिकवलेल्या दादाभाई नौरोजींवर. 1892 मध्ये दादाभाई लंडनच्या सेंट्रल फिन्सबरीतून निवडून आले, तेही इतक्या थोड्या मतांनी की तिकडे त्यांना 'नॅरो-मेजॉरिटी' म्हणू लागले. त्या दिवशी धडा बाजूलाच राहिला.

तर, वर्गात रोज पाच मिनिटं बोलायला विषय हवा असेल तर घ्या. वाक्प्रचारांचे उगम शोधणाऱ्याने घेऊ नये. पानांवर साल आणि वार छापलेत, म्हणजे पुढच्या वर्षी उपयोग नाही. जानेवारी उलटल्यावर सवलतीत मिळालं तरच पैसे वसूल. आणि क्लिप आपली आपण आणा.