ऑन-ग्रिड, ऑफ-ग्रिड की हायब्रिड? गावाकडच्या घरासाठी सौर यंत्रणेची निवड

गावाकडच्या घरावर सौर पॅनेल बसवू पाहणाऱ्यापुढे तीन पर्याय असतात: महावितरणच्या तारेशी जोडलेली ऑन-ग्रिड यंत्रणा, तारेशी कसलाही संबंध न ठेवता बॅटरीवर चालणारी ऑफ-ग्रिड यंत्रणा आणि दोन्ही साधणारी हायब्रिड. चर्चा बहुतेक वेळा पॅनेलच्या किलोवॅटवरच अडते. परंतु तिन्ही यंत्रणांत पॅनेल एकाच प्रकारचे असतात. खरा फरक दिसतो तो सूर्य मावळल्यावर आणि पावसाच्या झडीत, म्हणून तुलना तिथूनच सुरू करावी.

दारात वीज असेल आणि बिल कमी करणे एवढाच हेतू असेल, तर ऑन-ग्रिडला तोड नाही. दिवसाची जादा वीज तारेत जाते आणि नेट मीटरिंगमुळे तिचा हिशेब बिलात वळता होतो. बॅटरीचा खर्चच नसतो. शिवाय फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत १ किलोवॅटला ३०,०००, २ किलोवॅटला ६०,००० आणि ३ किलोवॅट व त्यापुढे ७८,००० रुपये अनुदान मिळते, जे निखळ ऑफ-ग्रिड यंत्रणेला मिळत नाही. मात्र वीज गेली की पॅनेलची वीज घरच्या वापराजोगी करणारा या यंत्रणेचा इन्व्हर्टर भर दुपारीही बंद पडतो. दुरुस्तीसाठी खांबावर चढलेल्या वायरमनला आपल्या पॅनेलच्या विजेचा धक्का बसू नये म्हणून तशी रचना मुद्दाम केलेली असते. जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आदळले, तेव्हा रायगड-रत्नागिरीतली कित्येक गावे आठवडेच्या आठवडे अंधारात होती. अशा वेळी घरावर केवळ ऑन-ग्रिड यंत्रणा असली, तर लख्ख उन्हातही मोबाइल चार्ज करता येत नाही.

ऑफ-ग्रिडचा विचार करताना आधी घरचा वापर मोजावा. ९ वॅटचे चार दिवे पाच तास, ३० वॅटचे दोन बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) पंखे दहा तास आणि एक लहान टीव्ही चार तास, एवढ्याला दिवसाला साधारण १ युनिट लागते. पंखे जुने, ७५ वॅटचे असले, तर तोच आकडा दोन युनिटांच्या घरात जातो. म्हणून माझ्या मते बॅटरीआधी पंखे बदलावेत. पैसा त्याइतका दुसऱ्या कशानेच वाचत नाही.

एक रात्र आणि एक ढगाळ दिवस निभावायचा, तर सुमारे २ युनिटे साठवावी लागतात. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरच्या दोन ट्यूब्युलर (शिसे-आम्लाच्या) बॅटऱ्यांत कागदावर ३.६ युनिटे मावतात, पण त्या निम्म्याहून अधिक रित्या केल्या तर लवकर खराब होतात, म्हणजे हाती येतात १.८. शिवाय डिस्टिल्ड वॉटर घालत राहावे लागते आणि चार-सहा वर्षांत बदलण्याची वेळ येते. २५.६ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरच्या लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीची क्षमता २.५६ युनिटे असली, तरी त्यातली २ बिनघोर वापरता येतात आणि ती दहा वर्षांच्या आसपास टिकते. पहिला खर्च अधिक असला, तरी वर्षांवर विभागला की लिथियमच परवडते. बॅटरी दुरून आणावी लागते अशा दुर्गम जागी तर हा फरक आणखी वाढतो.

इन्व्हर्टर गरजेपेक्षा मोठा घेण्याचा मोह टाळावा. काहीही चालू नसताना ५० वॅट खाणारा इन्व्हर्टर दिवसभरात १.२ युनिटे संपवतो, म्हणजे वरच्या घराच्या एकूण वापराहून जास्त. दिवे, पंखे आणि मोबाइल एवढीच गरज असेल, तर थेट १२ व्होल्टवर चालणारी उपकरणे घेऊन इन्व्हर्टर वगळणेच शहाणपणाचे ठरते.

आता पावसाळा. १ किलोवॅट पॅनेल एरवी दिवसाला सरासरी ४ युनिटे देतात. कोकणात आषाढाच्या झडीत ती सहज चौथ्या हिश्शावर येतात. त्या आठवड्यासाठी बॅटरी वाढवत नेणे कोणाच्याच खिशाला झेपणारे नाही. पॅनेल थोडे जास्त लावणे स्वस्त पडते. परसातल्या माडांची सावली मात्र आधी पाहावी, कारण एका झावळीच्या सावलीनेही अख्ख्या रांगेची वीज घटते.

जवळपास तार येण्याची शक्यता आहे का, हेही विचारात घ्यावे. बांगलादेशात २००३ पासून कर्जाच्या सोयीने ४० लाखांहून अधिक घरांवर छोट्या सौर यंत्रणा बसल्या. पुढे सरकारी वीज गावोगाव पोचली, तशी त्यांची मागणी ओसरली. तोवरच्या वर्षांत त्या घरांना रॉकेलच्या धुरापासून मिळालेली सुटका मोलाची होती; पण लवकरच तार येणार असेल, तर मोठ्या ऑफ-ग्रिड यंत्रणेत पैसा अडकवू नये.

म्हणून सातपुड्यातल्या ज्या पाड्यावर तार नाही आणि नजीकच्या काळात येणारही नाही, तिथे काटकसरीने आखलेली ऑफ-ग्रिड यंत्रणाच निवडावी. वीज क्वचितच जाते अशा गावात ऑन-ग्रिड पुरेशी आहे. वादळवाऱ्यात दिवसचे दिवस अंधारात काढणाऱ्या किनारपट्टीच्या घरांना मात्र हायब्रिड सुचवावीशी वाटते. त्यात बॅटरी फक्त दिवे, पंखे आणि राउटर यांच्यापुरती ठेवावी, पंप व गिझर तारेवरच राहू द्यावेत आणि बॅटरीचा खर्च अनुदानाबाहेरचा धरून मगच कोटेशनांची तुलना करावी.