खिशातली विदुरनीती घेताना

स्टेशनच्या स्टॉलवर आणि देवळाबाहेरच्या दुकानांत विदुरनीतीच्या छोट्या पुस्तिका ढिगाने असतात. महाभारताच्या उद्योगपर्वातले अध्याय 33 ते 40, म्हणजे विदुराने धृतराष्ट्राला केलेला उपदेश, ही विदुरनीती. श्लोक पाचशेहून अधिक. त्यामुळे ऐंशी पानांची पुस्तिका 'संपूर्ण' असं म्हणत असेल तर आधी आत श्लोकक्रमांक आहेत का ते बघा. नसतील तर ती वेचक वचनं समजा आणि त्याच हिशेबाने पैसे द्या.

पहिली कसोटी 33व्या अध्यायातली. 'एकया द्वे विनिश्चित्य त्रींश्चतुर्भिर्वशे कुरु' हा श्लोक म्हणजे नुसतं आकड्यांचं कोडं आहे. एक म्हणजे बुद्धी, दोन म्हणजे कार्य-अकार्य, तीन म्हणजे मित्र, शत्रू आणि उदासीन (तटस्थ), चार म्हणजे साम-दाम-दंड-भेद. पुढे पाच इंद्रियं, राजनीतीचे सहा गुण आणि सात व्यसनं. 'एकाने दोन ठरवून तीन चारांनी वश कर' एवढंच भाषांतर छापून पुढे गेलेली पुस्तिका परत ठेवावी.

दुसरी कसोटी त्याच अध्यायातल्या सहा दोषांची: निद्रा, तंद्रा, भय, क्रोध, आलस्य, दीर्घसूत्रता. शेवटच्या दोन्हींना 'आळस' म्हटलं की दोष पाचच उरतात. दीर्घसूत्रता म्हणजे चेंगटपणा, आजचं काम उद्यावर लोटणं. 'निद्रा' नुसतं 'झोप' असं दिलं तर वाचणारा बिचारा झोपच सोडायला बसेल. तिथे 'अतिझोप' असा खुलासा हवा.

बहुतेक पुस्तिका खरा मार खातात ते कथा कापल्यामुळे. 35व्या अध्यायात विरोचन आणि सुधन्वा यांच्यात श्रेष्ठ कोण, असा वाद आहे. पैज प्राणांची, आणि निवाडा प्रल्हादाकडे. तो स्वतःच्या मुलाविरुद्ध, सुधन्व्याच्या बाजूने कौल देतो. पुत्रमोहाने झोप उडालेल्या धृतराष्ट्राला विदुर हीच गोष्ट का सांगतो, हे ती गाळल्यावर कळणार कसं? 'त्यजेत् कुलार्थे पुरुषम्'चंही तसंच. कुळासाठी एकाला सोडावं, हे सुटं वचन क्रूर वाटतं. पण सभापर्वातही विदुर याच श्लोकाने दुर्योधनाला सोडायला सांगतो. ही टीप असलेली आवृत्ती महाग असली तरी घ्यावी.

अक्षर बारीक असेल तर जोडाक्षरं वाचवत नाहीत. पदच्छेद, म्हणजे जोडलेले शब्द सुटे करून दिलेले असतील तर उत्तम. भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सक आवृत्ती (हस्तलिखितं ताडून ठरवलेली, 1966 साली पूर्ण) आणि नीलकंठाच्या टीकेसोबतचा नीलकंठी पाठ यांचे श्लोकक्रमांक सगळीकडे जुळत नाहीत. तेव्हा कोणता पाठ घेतला आहे ते प्रस्तावनेत सांगितलेलं असावं.

आणि पैसे देण्याआधी 40व्या अध्यायाचा शेवट उघडा. पांडवांविषयी चांगली बुद्धी होते खरी, पण दुर्योधन समोर आला की ती फिरते, अशी कबुली तिथे धृतराष्ट्र देतो. कित्येक पुस्तिकांत हे पानच नसतं.