कोंबडीच्या ‘हार्मोन टेस्ट’साठी लॅबला सॅम्पल पाठवलं, ५ पैकी ३ स्टार

चिपळूणजवळ आमचं ब्रॉयलरचं शेड आहे, १२०० पक्षी. गुहागरकडच्या एका रिसॉर्टवाल्याने माल घ्यायच्या आधी रिपोर्ट मागितला, गिऱ्हाईक विचारतात म्हणे इंजेक्शनची कोंबडी आहे काय. अरे बाबा, १२०० पक्ष्यांना इंजेक्शन मारायला माणूस आणू कुठून, इथे आंबे उतरवायला कोण मिळत नाय! ब्रॉयलर ४० दिवसात दोन किलोची होते ती जातीमुळे नि खाद्यामुळे. पण कागद हवा तर हवा.

मुंबईकडच्या एका लॅबला फोन लावला (नाव लिहीत नाय). काउंटरवाल्याने सरळ हार्मोन पॅकेज गळ्यात मारायला घेतलं. कोलिस्टिन (अँटिबायोटिक) आहे का त्यात, विचारलं तर गप्प. जे खरोखर वजन वाढायला खाद्यात मिसळायचे, आणि सरकारने २०१९ मध्ये बंद केलं, तेच यादीत नाय. वेगळे पैसे भरून घातलं.

सॅम्पल कसं पाठवायचं ते कोणी सांगितलं नाय. सुरमईच्या थर्मोकोल बॉक्समध्ये बर्फ घालून रात्रीच्या गाडीने पाठवलं, तर बर्फाचं पाणी होऊन ‘शेड २’ लिहिलेलं लेबल निळा डाग होऊन बसलं. परत पाठवा. एक कोंबडी फुकट, गाडीभाडं डबल.

दोन स्टार फक्त आतल्या मॅडमना. त्यांनी नीट समजावलं की नायट्रोफ्युरान (हे पण अँटिबायोटिक) घेतलं तर मूळ औषध अंगातून लवकर जातं पण त्याचे तुकडे मांसाला चिकटून आठवडेच्या आठवडे राहतात, म्हणून टेस्ट त्या तुकड्यांची, आणि ते सुटे करायला सॅम्पल रात्रभर ॲसिडात ठेवतात. म्हणजे सकाळी दिलं नि संध्याकाळी रिपोर्ट म्हणणाऱ्याकडे जाऊच नका.

रिपोर्ट आला, सगळं ‘नॉट डिटेक्टेड’, किती पीपीबीपर्यंत (अब्जात किती भाग) मोजलं तेही छापलेलं, हे चांगलं. पण कोलिस्टिनच्या ओळीला चांदणी, आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरात की ही टेस्ट एनएबीएल स्कोपच्या बाहेर, म्हणजे लॅबला मान्यता देणाऱ्या संस्थेने मान्य केलेल्या टेस्टच्या यादीत ही नाय. वरती एनएबीएलचा लोगो मात्र हाताएवढा! पैसे भरायच्या आधी स्कोपची यादी मागा, त्यात औषध पण बघा आणि चिकन लिहिलंय का ते पण बघा, नुसतं पाणी नि मसाले असतील तर उपयोग नाय.

रिसॉर्टवाल्याने लोगोचा फोटो काढला नि विचारलं, “पण हार्मोन नाय ना?”